कॅटफिश किती वर्षं जगतो? खान्देशातल्या फिशटँकसाठी सविस्तर हिशेब

आमच्या हॉलमधला सकर, म्हणजे मिशांच्या कॅटफिश जातीचा मासा, यंदा अकरा वर्षांचा झाला. आणला तेव्हा करंगळीएवढा होता. आता काचेला बाहेरून पट्टी लावली की चौदा इंच भरतो. पाहुणे आले की आधी विचारतात, "हा अजून तोच आहे?" आणि मग, "असे मासे जगतात तरी किती?"

जातीनं दिलेलं आयुष्य एक, आणि आपल्या घरात त्यातलं किती वाट्याला येतं ते दुसरं. या दोन आकड्यांत फार मोठी तफावत असते. दहा वर्षं जगणारा मासा आपल्याकडे दोन वर्षांत जातो आणि आपण म्हणतो, "त्याचं वय झालं असेल." वय झालेलं नसतं. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे कॅटफिश मरतात ते बहुतेक दोनच वेळी: घरी आणल्याच्या पहिल्या महिन्यात, नाहीतर मे महिन्यात. हे दोन टप्पे पार करून द्यायचे कसे, त्यावरच या लेखाचा भर आहे.

आधी जात ओळखा

दुकानात नाव विचाराल तर "सकर", "शार्क", "कोरी" एवढंच कळतं. तेवढ्यावर पैसे देऊ नका.

सकर, म्हणजे काचेला तोंड चिकटवून बसणारा साधा प्लेको, सर्रास १० ते १५ वर्षं जगतो, नीट सांभाळला तर वीसपर्यंत. वाढतो फूट-दीड फूट. "घ्या भो, टाकी साफ ठेवतो" असं सांगून तो दोन फुटी टाकीसाठी विकला जातो. तो शेवाळ खातो हे खरं, पण घाण जेवढी काढतो त्याहून जास्त करतो. सकरची शेपटासारखी लोंबणारी विष्ठा ज्यानं पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

त्याच्याच कुळातला ब्रिसलनोज मात्र ५-६ इंचांवर थांबतो आणि ७ ते १० वर्षं सहज काढतो. नराच्या नाकावर झुडपासारखे काटे येतात. मध्यम टाकी असेल तर सकरऐवजी हाच घ्या. मला आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर मीही हाच घेईन.

कोरिडोरास, आपला "कोरी", ५ ते १० वर्षं जगतो आणि पंधराच्या पुढे गेलेलेही आहेत. तो एकटा ठेवायचा नाही, सहाचा तरी घोळका हवा. आपल्याकडे यातली पोटजात बघणं फार महत्त्वाचं. स्टर्बाय कोरी २८ अंशांपर्यंत खुशाल राहतो, ब्राँझ कोरीही बऱ्यापैकी तग धरतो. पांडा कोरी आणि ठिपक्यांचा पेपर्ड कोरी हे थंड पाण्यातले, २०-२४ अंशांत रमणारे. दिसतात गोड, पण खान्देशात ते आणणं म्हणजे मेंढीला लोकरीसकट मेच्या उन्हात बांधणं.

काचेसारखा आरपार दिसणारा ग्लास कॅटफिश ६ ते ८ वर्षं जगतो. त्यालाही सोबत लागते, एकटा पडला की खाणं सोडतो. उलटा पोहणारा सिनोडोंटिस दहा वर्षांच्या आसपास जगतो. बोटाच्या पेराएवढा ओटोसिन्क्लस ३ ते ५ वर्षांचा, पण बरेचसे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच जातात. नदीतून पकडून, उपाशीपोटी लांबचा प्रवास करून आलेले असतात. शेवाळ धरलेली जुनी टाकी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता "शार्क". चंदेरी, मोठ्या डोळ्यांचा, काचेच्या या टोकाकडून त्या टोकाकडे येरझारा घालणारा हा मासा शार्क नव्हेच. तो पंगस, मच्छीबाजारात बासा म्हणून विकला जातो तोच. पूर्ण वाढला तर मीटरभराच्या पुढे जातो आणि वीस वर्षं जगू शकतो. घरात तो वीस वर्षं का जगत नाही हे वेगळं सांगायला नको. लाल शेपटीचा रेडटेल कॅटफिश त्याहून राक्षसी. दोन्ही घरी नकोत. आफ्रिकन मागूर तर पाळायलाच आपल्या देशात बंदी आहे.

टाकीचं माप

लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजा, गुणाकार करा, ६१ ने भागा. उत्तर लिटरमध्ये येतं. २४ × १२ × १५ ची टाकी म्हणजे साधारण ७० लिटर. सहा कोरींसाठी एवढी चालते. ब्रिसलनोजला शंभरच्या पुढची द्या. सकरला शेवटी पाच फुटी लागतेच. आमची ६० × २४ × २० ची, ४७० लिटरची आहे. पाणी, काच, रेती धरून अर्ध्या टनाच्या वरचा ऐवज होतो, म्हणून ती लाकडी टेबलावर न ठेवता विटांच्या बांधकामावर कडाप्पा टाकून त्यावर ठेवली आहे.

मोठ्या टाकीचा आपल्याकडे आणखी एक फायदा असा, की ती तापायला वेळ घेते. दुपारी चारला खोली ३८ वर गेली तरी मोठं पाणी सावकाश चढतं. छोटा काचेचा बाऊल मात्र चहाच्या पातेल्यासारखा तापतो.

तळाला बारीक, गोल कणांची रेती टाका. कोरी मिशा रेतीत खुपसून खाणं शोधतो. धारदार खडी किंवा तळाशी साठलेली घाण यानं त्या मिशा झिजतात आणि मासा हळूहळू खाण्याला मुकतो. टाकीत लपायला जागा हवीच: मातीचं फुटकं मडकं, दगडाची कपार, लाकडाचा ओंडका. कॅटफिश दिवसा लपतो, तो त्याचा स्वभाव आहे. दिसत नाही म्हणून सारखं उचकून बघू नका.

पाणी

जळगाव शहरात वाघूर धरणाचं पाणी येतं, कॉलनीच्या टोकाला बोअर असते आणि उन्हाळ्यात टँकर. तिन्हींचा स्वभाव वेगळा. नळाच्या आणि टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतं. बादलीत उघडं ठेवून, हवेच्या पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड आत टाकून चोवीस तास राहू द्या किंवा दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापानं घाला. बोअरचं पाणी जड असतं. गिझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो ना, तेच. सकर, ब्रिसलनोज, ब्राँझ कोरी याला सरावतात. रोज बदलणारं पाणी मात्र त्यांना सोसत नाही. आज बोअर, उद्या नळ, परवा टँकर असं करू नका, एकच धरून ठेवा.

जड पाण्याची दुसरी बाजू जास्त घातक आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कपणाचं माप) ७ असेल तर २५ अंशांवर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला, बोअरच्या जड पाण्याचा बहुधा तेवढा असतो, की तोच सुमारे ५ टक्के होतो आणि पाणी ३२ अंशांवर गेलं की ८-९ टक्के. मासे तेवढेच, खाणं तेवढंच, पण बोअरचं पाणी आणि मेचं ऊन एकत्र आलं की विष पंधरा-सोळा पट. पुण्याच्या मित्राची टाकी जे सहन करते ते आपली करत नाही, याचं कारण हे.

टाकी मुरू द्या

कैरीचं लोणचं घातल्या दिवशी खात नाहीत. टाकीचंही तसंच. पाणी भरलं, फिल्टर लावला, संध्याकाळी मासे आणले, असं करणाऱ्यांचे मासे दहाव्या-पंधराव्या दिवशी वर तरंगतात. फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंची वस्ती व्हावी लागते. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं, तिसरं बरंच सौम्य. वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकून फिल्टर चालू ठेवा आणि टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबा. मित्राच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर हे काम निम्म्या वेळात होतं. तो ओला ठेवूनच आणा.

पुढे स्पंज धुवायचा तोही नळाखाली नाही. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळला की झालं. चकचकीत स्पंज म्हणजे पुसून टाकलेली वस्ती.

मासा निवडताना आणि आणताना

पोट आत गेलेला, मिशा तुटलेला, अंग आक्रसून कोपऱ्यात पडलेला मासा कीव येऊन घेऊ नका. दुकानदाराला खाणं टाकून दाखवायला सांगा. घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग तासभरात थोडं थोडं टाकीतलं पाणी तिच्यात घालत राहा आणि शेवटी मासा तेवढा उचलून सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत.

उचलताना जाळी शक्यतो टाळा. कॅटफिशच्या बाजूच्या परांना कडक काटे असतात. घाबरला की ते ताठ करून अडकवून ठेवतो आणि जाळीत गुंततो. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात बुडवून त्यात हळूच हाकलावा. तांब्याचा तांब्या मात्र नको, तांबं या माशांना विषासारखं बाधतं.

आधीचे मासे असतील तर नव्याला ३-४ आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवा. जागा नाही ही सबब मीही एकदा सांगितली होती. नंतर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं अख्खी टाकी धुवावी लागली.

आणि त्याच दिवशी वहीत तारीख लिहा, लांबी लिहा. अभ्यासक मेलेल्या कॅटफिशच्या परांच्या काट्याचा काप काढून, झाडाच्या बुंध्यासारखी वलयं मोजून वय काढतात. आपल्याला वहीच पुरे.

खाणं

बरेच कॅटफिश उपासमारीनं मरतात, तेही भरल्या टाकीत. वर तरंगणारं खाणं वरचे मासे संपवतात आणि "तळाचा उष्टं खाईल" म्हणून आपण निर्धास्त. त्याच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या, त्याही रात्री दिवा मालवल्यावर अर्ध्या तासानं टाका. कोरीला प्रथिनं लागतात. सकर आणि ब्रिसलनोज यांना भाजी हवी: काकडी, दुधी, गिलके, पालक. साल काढायची म्हणजे फवारणीचं औषध कमी जातं, मग एक उकळी देऊन गार करायची आणि स्टीलच्या काट्याला टोचून तळाला ठेवायची. आमचा सकर गिलक्याची चकती रात्रीतून अशी कोरतो की सकाळी नुसती जाळी उरते. उरलेलं मात्र सकाळी काढून टाका. जिवंत ट्युबिफेक्स कृमी गटारीच्या गाळात वाढतात, मी ते वापरत नाही.

आठवड्यातून एक दिवस उपास. गावी लग्नाला चार-पाच दिवस जायचं असेल तरी मोठे मासे उपाशी राहू शकतात. शेजाऱ्याच्या हातात डबा देऊन जाण्यापेक्षा ते बरं. शेजारी प्रेमानं मूठभर टाकतो.

पाणी दर आठवड्याला पाव टाकी बदला. पूर्ण कधीच नाही.

मे महिना

पारा ४५ च्या वर गेला की घरात ३६-३८ आणि टाकीत ३३-३४ अंश सहज होतात. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३४ ला जेमतेम सात. त्याच वेळी गरम पाण्यात माशाचं शरीर जोरात चालतं आणि त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. कोरी आतड्यातून, सकर जठरातून वरची हवा वापरू शकतात, म्हणून ते अधूनमधून झपकन वर येऊन घोट घेतात. तासाभरात एखाददुसरा घोट ठीक. मिनिटामिनिटाला वर येत असतील तर समजा की पाणी गुदमरलंय.

उपाय माठाचाच. टाकीचं झाकण काढा, वर जाळी बांधा (मासे उडी मारतात) आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. पाणी उडतं आणि उरलेलं थंड होतं. आपली मेची हवा कोरडी असल्यानं हा उपाय इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो, ३-४ अंशांचा फरक पडतो. खोलीत कूलर असेल तर खिडकी उघडी ठेवा, नाहीतर हवा दमट होऊन पंख्याचा उपयोग मावळतो. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज प्यायचं आरओचं पाणी घाला. बोअरचं घालाल तर क्षार साठत जातात, कारण वाफ होऊन नुसतं पाणी जातं. आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी तर अजिबात नको, सगळे क्षार त्यातच असतात.

बर्फ थेट टाकू नका. बाटलीत पाणी गोठवून, घट्ट बंद करून तरंगत ठेवा. एक लिटरची बाटली ७० लिटर पाणी जेमतेम दीड अंशानं उतरवते, तेव्हा तिच्यावर फार भिस्त नको. तासाला एक-दोन अंशांहून जास्त उतरवायचंही नाही. दिवे दुपारी बंद, खाणं निम्मं. टाकी पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर एप्रिलच्या आत जागा बदला.

आता विजेचं. काही वर्षांपूर्वी मेच्या शेवटी वळवाचं वादळ आलं, कॉलनीतला खांब आडवा झाला, रात्री अकराला गेलेली वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तेव्हा दोन फुटी टाकीत सहा कोरी होते, चौथ्या वर्षातले. आई मेणबत्ती लावून टाकीपाशी स्टुलावर बसली. स्टीलचा डाव घेऊन टाकीतलंच पाणी वर उचलायची आणि हातभर उंचीवरून सोडायची. धार पडली की बुडबुडे खोल जायचे. मी झोपलो, ती उजाडेपर्यंत बसली. सकाळी सहाच्या सहा जिवंत होते.

मारले मी. वीज आल्याबरोबर फिल्टरचं बटण दाबलं. बंद डब्याचा फिल्टर तेरा-चौदा तास उभा होता, आतले जिवाणू गुदमरून मेले होते आणि पाणी सडलं होतं. ते सगळं एका झटक्यात टाकीत आलं. अंड्यासारखा वास सुटला. संध्याकाळपर्यंत चार कोरी गेले. आई काही बोलली नाही, नुसता डाव उचलून घासायला टाकला.

म्हणून: वीज तासा-दोन तासांहून जास्त गेली तर डब्याचा फिल्टर उघडा, आतलं पाणी फेका, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळा, मगच चालू करा. बॅटरीवरचा हवेचा पंप घरात ठेवा आणि त्याची बॅटरी मार्चमध्येच तपासा. इन्व्हर्टर असेल तर आधी हवेचा पंप जोडा, दिवे नंतर. बरोबर एक साधा स्पंज फिल्टर कायम चालू ठेवा, तो हवेच्या पंपावर चालतो आणि उघडा असल्यानं आत सडत नाही.

थंडी आणि पावसाळा

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्रीचा पारा १० च्या खाली जातो. लिटरला साधारण एक वॅट या हिशेबानं हीटर घ्या आणि २५ वर लावा. पाणी बदलताना तो बंद करा, उघडा पडला तर काच तडकते. सकर हीटरला चिकटून बसतो आणि भाजतो, म्हणून प्लॅस्टिकची जाळी असलेलाच घ्या.

पावसाळ्यात पाणी गढूळ होतं तेव्हा ब्लीचिंगचं प्रमाण वाढू शकतं. नळाला उग्र वास आला तर त्या दिवशी पाणी बदलू नका. आणि गल्लीत डासांच्या धुराची गाडी आली की हवेचा पंप आधी बंद करा, टाकीवर ओला टॉवेल टाका. पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, त्याच्याबरोबर औषधही. अर्ध्या तासानं खिडक्या उघडून मग सुरू करा. घरात डासांचा स्प्रे मारतानाही हेच.

औषध

कॅटफिशच्या अंगावर खवले नसतात. कुणाची कातडी उघडी असते, कुणावर हाडांच्या चकत्यांचं चिलखत, पण औषध दोघांनाही लवकर बाधतं. पांढरे ठिपके आले तर बाटलीवरच्या निम्म्या मात्रेनं सुरुवात करा आणि हवा वाढवा. शेतकऱ्याच्या घरात मोरचूद हाताशी असतं आणि "चिमूटभर टाक, बुरशी जाईल" असं सांगणारेही भेटतात. मोरचूद म्हणजे तांबंच, टाकीत नको. मिथिलीन ब्लू वेगळ्या टबातच वापरा, ते फिल्टरमधले जिवाणूही मारतं.

मासा मोठा झाला, म्हातारा झाला

टाकीत मावेनासा झालेला सकर मेहरूण तलावात किंवा तापीत सोडू नका. तो दक्षिण अमेरिकेचा, इथल्या पाण्यात त्याला खाणारं फारसं कुणी नाही. अनेक देशांत, आपल्याकडेही, त्यानं जलाशय बळकावले आहेत. दुकानाला परत द्या किंवा मोठी टाकी असलेला गिऱ्हाईक शोधा.

म्हातारा कॅटफिश ओळखता येतो. रंग विटतो, पाठ किंचित वाकते, खाण्यापर्यंत यायला वेळ लावतो. आजारपण मात्र दिवसांत दिसतं, म्हातारपण महिन्यांत. म्हणून अचानक मंदावलेल्या माशाला "वय झालं" म्हणू नका, आधी पाणी तपासा. खरंच म्हातारा असेल तर फिल्टरचा झोत कमी करा, खाणं रोज त्याच्या लपायच्या जागेच्या तोंडाशीच ठेवा, तरणे दांडगट मासे वेगळे काढा आणि पाणी पाव टाकीऐवजी थोडं थोडं, आठवड्यातून दोनदा बदला.

वाचलेल्या दोन कोरींपैकी एक गेल्या दिवाळीत गेला, नवव्या वर्षी. दुसरा अजून आहे. त्याची एक मिशी अर्धी आहे, त्यामुळे गोळी अगदी नाकासमोर पडावी लागते. ती टाकायला स्ट्रॉ वापरतो, आईच्या हातात असते.